शॉकअप, आप्पा आणि आपले रस्ते

ऑक्टोबर 2010. तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी 150 मर्सिडीज गाड्यांची डिलिव्हरी झाली. साधारण 65 कोटींचा व्यवहार. देशभर बातमी गाजली आणि पाठोपाठ विनोदही सुरू झाले, की या गाड्या चालवणार कुठं? तेव्हा मीही हसलो होतो. दहा-अकरा वर्षांनी तो विनोद माझ्याच अंगावर आला. आज त्यावरच लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण गाडीवाल्यांइतकीच ती बिनगाडीवाल्यांचीही आहे.

मी एक सेकंडहँड स्पोर्ट्स गाडी घेतली. कोणत्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही, कारण चूक कंपनीची नव्हतीच, माझी होती. हौसेनं गाडी 30 मिलिमीटर खाली बसवली, कडक स्प्रिंगा टाकल्या, 17 इंची चाकं काढून 19 इंची अलॉय लावले. दिसायला गाडी झकास. मग 2021 मध्ये आप्पांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तपासणीसाठी त्यांना बजाजनगरहून शहरात न्यायचं होतं. पंढरपूर ओलांडून नगर नाक्यापर्यंत आलो आणि आप्पा म्हणाले, "थांब. मी रिक्षानं येतो."

लाखोंची गाडी माझी, आणि बाप रिक्षात. लई लागलं ते मनाला.

आप्पांनी वाळूजच्या एका कारखान्यात आयुष्य काढलं, तेही शॉकअपच्या लाइनवर. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले. दुचाकींचे शॉकअप आणि पुढचे फोर्क बनवणारी एन्ड्युरन्स ही मोठी कंपनी इथलीच. पूर्वेला शेंद्र्यात 2001 पासून स्कोडा ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली. याच ऑक्टाव्हियाचा आरएस हा स्पोर्ट्स अवतार 2004 मध्ये भारतात आला, आणि 2017 मध्ये 230 अश्वशक्तीचा. म्हणजे बघा, देशाला धक्क्यांपासून वाचवणारं हे शहर. आणि धक्के सगळ्यात जास्त खातंय कोण?

असो. संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "स्प्रिंग कडक केलीस, मग शॉकअप कोणता ठेवलास?"

"जुनाच."

"मग गाडीला दोष देऊ नको."

त्यांनी समजावलं ते असं. स्प्रिंग धक्का गिळत नाही, साठवून ठेवते आणि परत देते. परत देताना तिला आवरायचं काम शॉकअपचं. त्यातलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णता होऊन जिरते. जितकी स्प्रिंग कडक, तितका सुटताना आवरणारा शॉकअपही ताकदीचा लागतो. जोडी जमली नाही तर गाडी आधी आपटते, मग डुलते. वर मी गाडी खाली बसवलेली. चाकाला वर जायला जागाच कमी उरली. जरा मोठा खड्डा आला की सस्पेन्शन शेवटच्या रबरावर आदळणार, आणि तो धक्का सरळ आप्पांच्या मणक्यात.

चाकांचा हिशोब तर कुणीही घरी करू शकतो. 225/35 आर 19 या टायरची बाजूची भिंत 79 मिलिमीटर. 225/40 आर 18 ची 90. 225/45 आर 17 ची 101. चाकाचा एकूण व्यास तिन्हींत जवळपास तोच, 64 सेंटिमीटरच्या आसपास. वाढतं ते लोखंड-ॲल्युमिनियम, कमी होते ती हवा. आणि रस्त्याचा पहिला धक्का खाते ती हवाच. 1888 मध्ये डनलॉपनं हवेचा टायर बनवला तो रेससाठी नव्हे, तर पोराच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणून.

आपल्याकडे एक समज पक्का बसलाय, की स्पोर्ट्स गाडी म्हणजे कडकच असायची. इतिहास वेगळं सांगतो. फ्रान्समध्ये सित्रोएननं टू-सीव्ही बनवली तेव्हा अट अशी होती, की नांगरलेल्या शेतातून टोपलीभर अंडी न फुटता गेली पाहिजेत. ती गाडी 1948 मध्ये लोकांसमोर आली. ती शेतकऱ्याची गाडी म्हणून सोडून द्या. पण लोटसचा कॉलिन चॅपमन तर रेसवाला माणूस. 1962 च्या त्याच्या एलान गाडीची ख्याती कशासाठी? हलकं वजन, मजबूत सांगाडा, मऊ स्प्रिंग आणि नीट जुळवलेला शॉकअप. कारण साधं आहे. वळणावर गाडी धरून ठेवतो तो टायर, आणि टायर रस्त्याला टेकलेला असेल तरच. खराब रस्त्यावर कडक गाडीचं चाक उड्या मारतं. हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना ते वळतं. म्हणजे आराम आणि पकड या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीतच.

पुढं 2002 मध्ये कॅडिलॅकमध्ये चुंबकी शॉकअप आले. तेलात लोखंडाचे बारीक कण, विजेनं चुंबकत्व दिलं की तेल क्षणात घट्ट होतं. नंतर ऑडी टीटी आणि फेरारीमध्येही हे तंत्र दिसलं. ज्याच्याकडे पैसा आहे तो आज एक बटण दाबून रस्ता मऊ करून घेऊ शकतो.

मी काय केलं? 19 इंची चाकं विकली, 17 इंची परत आणली. मूळ उंचीच्या स्प्रिंगा, त्यांना जुळणारे नवे शॉकअप, आणि टायरमध्ये दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच हवा. पुढच्या तपासणीला आप्पा माझ्या शेजारी बसून गेले. उतरताना म्हणाले, "आता ठीक आहे." ऑपरेशननंतर त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं कौतुक.

पण गोष्ट इथं संपत नाही. मी पैसे घालून माझ्यापुरता रस्ता दुरुस्त करून घेतला, इतकाच याचा अर्थ. वाळूजच्या शिफ्टला मोटारसायकलवर जाणाऱ्यानं काय करायचं? रिक्षात बसलेल्या गरोदर बाईनं काय करायचं?

आणि गंमत ऐका. रस्ता किती खडबडीत आहे हे जगभर मोजतात ते सस्पेन्शनच्याच भाषेत. ब्राझीलमधल्या 1982 च्या प्रयोगातून वर्ल्ड बँकेनं 1986 मध्ये जो आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक पुढं आणला, त्यात एक चाक, एक स्प्रिंग, एक शॉकअप असलेली काल्पनिक पाव गाडी ताशी 80 किलोमीटरनं पळवतात आणि किलोमीटरमागे तिचं सस्पेन्शन एकूण किती मीटर हललं ते मोजतात. आपल्याकडे बम्प इंटिग्रेटर आहे. ताशी 32 किलोमीटरनं ओढलं जाणारं एक चाक, जे आपल्या हादऱ्यांची बेरीज करत जातं. म्हणजे आप्पांच्या मणक्याला जे कळलं, ते आकड्यात मांडता येतं.

शहरातल्या रस्त्यांचा प्रश्न जनहित याचिकेतून औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलेला आपण पाहिलाय. रुंदी, जाडी, खर्च यावर आपण भांडतो. पण डांबर पडल्यावर खडबडीतपणाचा आकडा किती आला, दोन पावसाळ्यांनंतर तो किती झाला, हे आपण कधी विचारलं? माझी मागणी एवढीच. नव्या रस्त्याच्या फलकावर खर्चाशेजारी हा आकडाही लिहा, आणि तो बसला नाही तर ठेकेदाराचं बिल थांबवा.

शॉकअप बनवायला या शहराला कुणी शिकवायची गरज नाही. पण ते घिसायची जबाबदारी सगळी आपल्याच रस्त्यांनी का घ्यावी?

पटलं तर आपापल्या नगरसेवकाला विचारा. नाही पटलं तर एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मागच्या सीटवर बसवून शहराची चक्कर मारा, आणि मग बोला.