लालबहादूर शास्त्री मार्ग
मुंबई उपनगर जिल्ह्यातील एक जुना हमरस्ता. शीव येथून निघून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप व मुलुंड या वस्त्यांतून तो ठाण्यास जातो. मूळचा हा मुंबई–आग्रा रस्ता. लालबहादूर शास्त्री यांच्या निधनानंतर (१९६६) त्यास हे नाव मिळाले. जुन्या रहिवाशांच्या बोलण्यात मात्र ‘आग्रा रोड’च टिकून राहिला.

मुंबई बेट व साष्टी यांमधील खाडी पूर्वी होडीने ओलांडावी लागे. गव्हर्नर जॉनथन डंकन याच्या कारकीर्दीत १७९८ मध्ये हाती घेतलेला शीवचा बांध १८०५ मध्ये पुरा झाला आणि बैलगाड्यांना थेट कुर्ल्याची वाट खुली झाली. १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे लोहमार्ग रस्त्याच्या पूर्वेकडून गेला. कुर्ल्यात पुढे गिरणधंदा रुजला. तेथील धरमसी गिरणी जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये घेऊन तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले. त्यापलीकडे मात्र बराच काळ गावठाणे, शेते व पूर्वेस मिठागरे एवढेच होते.

रस्त्याचे रूप पालटले ते कारखान्यांमुळे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. फियाटच्या सहकार्याने तेथे निघालेली गाडी १९७४ च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली व मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली येथील कामगारांनी केलेले आंदोलनही गाजले. मुलुंड १९५७ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याच सुमारास एशियन पेंट्स, सीएट, जॉन्सन अँड जॉन्सन यांचे कारखाने या पट्ट्यात सुरू झाले. एका बाजूस लोहमार्ग, दुसऱ्या बाजूस मुंबई–ठाणे रस्ता व मधे मोकळी जमीन, असा योग अन्यत्र क्वचितच होता.

कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जची कथा वेगळी आहे. १९८५ मध्ये बंद पडलेला हा कारखाना चालविण्याची जबाबदारी कामगारांनी सहकारी संस्थेद्वारे स्वतःकडे मागितली. १९८८ मध्ये त्यांच्या योजनेस मंजुरी मिळाली व पुढील वर्षी यंत्रे पुन्हा सुरू झाली. मालकाविना कारखाना चालत नाही, हा समज या प्रयोगाने काही काळ तरी खोटा ठरविला. पुढे आर्थिक अडचणींपुढे त्याचे काही चालले नाही.

नव्वदच्या दशकापासून उत्पादनापेक्षा जमिनीचे मोल अधिक झाले. प्रीमियरच्या जागेवर कोहिनूर सिटी ही वसाहत झाली. घाटकोपर व कुर्ल्यास २००९ ते २०११ या काळात मोठी व्यापारसंकुले उघडली. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. कमानी हे नाव कुर्ल्यात आता बसथांब्याचे आहे. रस्त्याच्या दुसऱ्या टोकास मुलुंडच्या नाक्यावरील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्याने बंद झाली. त्या जागेस लोक अजूनही चेक नाकाच म्हणतात.