मोहरीची उशी आणि सिलिकॉन

आईचा डावा स्तन १९८४ साली काढला. मी अकरा वर्षांची होते. महिन्याभराने तिने ट्रंकेतून मोहरीची उशी काढली. तिच्यावर आधी दादा झोपला होता, मग मी. तिने शिवण उसवली, मोहरी तळहातावर तोलून तोलून घेतली आणि गोल पिशवी शिवून बॉडीच्या आत बसवली. कापूस हलका पडतो, पदर त्या बाजूला वर चढतो, असं ती म्हणे. मोहरीला वजन असतं, आणि ती अंगाबरोबर हलते. पावसाळ्यात पिशवी दमट व्हायची, मग दुपारी माणसं नसताना शेगडीजवळ सुकायची. तिचं नाव घरात कुणी काढत नसे.

भाचीला उत्तर द्यायची वेळ गेल्या दिवाळीत आली. ती दादाची मुलगी, वय सत्तावीस. तिला स्तनांत इम्प्लांट बसवून घ्यायची होती, आजारामुळे नव्हे, हौसेने. म्हणाली, "आत्या, तू रोज हेच बघतेस. आजीला होतं म्हणून मी करूच नये का?" मॅमोग्राफीच्या यंत्राशी मी सव्वीस वर्षं उभी आहे, पण मला एका शब्दात उत्तर देता येईना. मग मी या वस्तूचं मूळ शोधत मागे मागे गेले.

सुरुवात गाठीपासूनच झालेली निघाली. १८९५ मध्ये जर्मनीत हायडलबर्गला विन्सेंझ चेर्नी या सर्जनने एका गायिकेच्या स्तनातली गाठ काढली. पोकळी राहिली, ती त्याने तिच्याच अंगावरच्या चरबीच्या गाठीने भरली. पुढे व्हिएन्नात गेर्सुनी या सर्जनने पॅराफिन टोचायला सुरुवात केली. ते अंगात सरकायचं, घट्ट व्हायचं, त्याच्याच गाठी व्हायच्या. १९५०च्या दशकात स्पंज आले, तेही आकसून कडक होत. आता अशा बाईच्या हाताला काही टणक लागलं, तर ते स्पंजचं की आजाराचं, हे ओळखायचं कसं? त्या काळच्या हकिकतींत मी हा प्रश्न शोधत राहिले. आकार टिकला का, हे मात्र जागोजागी विचारलेलं आहे.

मग १९६२, ह्यूस्टन. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो हे दोन सर्जन. रक्ताची भरलेली पिशवी हातात दाबताना जेरोला कल्पना सुचली असं सांगतात. सिलिकॉनची पिशवी, आत सिलिकॉनचंच जेल. आधी एस्मेराल्डा नावाच्या कुत्रीला बसवून पाहिली. कुत्रीने टाके चावले, म्हणून काढावी लागली. मग टिमी जीन लिंडसी. सहा मुलांची आई, जेफरसन डेव्हिस रुग्णालयात आली होती छातीवरचं गोंदण काढून घ्यायला. डॉक्टरांनी विचारलं, हे बसवून घेशील का? तिला खरं तर पुढे आलेले कान मागे बसवून हवे होते. कानही करून देऊ, म्हणाले. जगातली पहिली सिलिकॉनची इम्प्लांट अशी कानांच्या सौद्यात बसली. मला ही बाई आवडते. तिला काय हवं होतं ते तिला नीट ठाऊक होतं, नि तेवढं तिने पदरात पाडून घेतलं.

आता माझ्या धंद्याचं. सिलिकॉन क्ष-किरण अडवतं. फिल्मवर भलामोठा पांढरा गोळा येतो, आणि आपण जे शोधत असतो तेही पांढरंच असतं. शिवाय पिशवी आत असली की पाहिजे तेवढा दाब देता येत नाही. यावरची युक्ती एकलंड या रेडिओलॉजिस्टने १९८८ मध्ये छापली: इम्प्लांट मागे छातीच्या भिंतीकडे ढकलायचं, पुढचा टिश्यू ओढून तेवढाच प्लेटखाली धरायचा. म्हणून अशा बाईच्या नेहमीच्या चार फिल्मऐवजी आठ निघतात. मी हे हातांनी शिकले आहे, आणि खूप कडक झालेल्या इम्प्लांटपुढे ते हात हरतातही. पण साल पाहा. वस्तू १९६२ची, तिच्या भोवतालचं नीट पाहण्याची रीत १९८८ची. मधली सव्वीस वर्षं बायांच्या अंगात इम्प्लांट होती आणि माझ्यासारख्या बाया त्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत बसल्या होत्या.

या काळात बाहेरून लावायच्या वस्तूचाही एक धंदा उभा राहिला. बार्बी बाहुली काढणाऱ्या रूथ हँडलरचा स्तन १९७०मध्ये काढला. दुकानात मिळालेली वस्तू तिला इतकी भिकार वाटली की तिने स्वतःच बनवायला घेतली, डावी वेगळी, उजवी वेगळी. माझ्या आईला हे कळलं असतं तर ती म्हणाली असती, मग काय तर.

१९९२मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या संस्थेने जेलच्या इम्प्लांटवर बंधन आणलं. कर्करोगाने स्तन गेलेल्यांना नोंद ठेवून मिळेल, हौसेसाठी नाही. २००६मध्ये ते उठलं, हौसेसाठी वय किमान २२. गरज आणि हौस अशा दोन रांगा. ज्या मुलीची हौस आहे आणि जिच्या घरात आजार आहे, तिने कुठल्या रांगेत उभं राहायचं?

घरातला आजार ही गोष्ट पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६६मध्येच लिहून ठेवली होती, स्वतःच्या बायकोच्या माहेरची वंशावळ मांडून. तिच्यातल्या २४ बायकांपैकी १० स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. मेरी-क्लेअर किंग या संशोधिकेने १९९०मध्ये अशा घरांतल्या आजारामागच्या एका जनुकाची जागा दाखवली, गुणसूत्र १७. १९९४मध्ये ते जनुक, बीआरसीए-१, हाती आलं. मेयो क्लिनिकचा १९९९चा अभ्यास ६३९ बायकांचा होता. घरात आजार असलेल्या ज्यांनी आधीच दोन्ही स्तन काढून घेतले, त्यांच्यात कर्करोग जवळपास ९० टक्क्यांनी घटला. त्यानंतर इम्प्लांट बसवलं तरी पिशवीपुढे टिश्यू फारसा उरत नाही. भाचीचं तसं नाही. तिचा सगळा टिश्यू जागच्या जागी राहणार आणि पुढची चाळीस वर्षं तपासावा लागणार.

म्हणून मी तिला हो-नाही सांगितलं नाही. इम्प्लांटने नेहमीचा स्तनाचा कर्करोग वाढतो असं मोठ्या अभ्यासांत आढळलेलं नाही, हे सांगितलं. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित लिम्फोमा हा वेगळ्या प्रकारचा कर्करोग होतो आणि २०१९मध्ये त्यांचा एक प्रकार जगभरातून मागे घेतला गेला, हेही. पिशवी स्नायूच्या मागे ठेवली तर मला पुढचं थोडं जास्त दिसतं. आणि बसवण्याआधीची चित्रं आपल्याकडे हवीत.

मग ती जनुकीय चाचणीच्या समुपदेशकाकडे गेली, तेव्हा फॉर्ममध्ये आईच्या बाजूचेच रकाने भरून आली होती. बापाकडून काय येणार, असं तिला वाटलं. पुष्कळांना वाटतं. बीआरसीए-१मधला दोष बापाकडूनही येतो, आणि बाप तर माझा दादा, त्याच उशीवर झोपलेला. चाचणी शक्यतो ज्याला आजार झाला त्याच्यापासून सुरू करतात. आई आता नाही. तिची धाकटी बहीण आहे, सत्त्याहत्तरची, तिलाही झाला होता. तिचं हे नातवंडांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मंगळवारी भाची अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला रक्त द्यायला घेऊन गेली. मीही बरोबर होते. रिक्षात फॉर्म तिच्या मांडीवर होता.

"मावशीआजी, तेव्हा तुझं वय काय होतं?"

"एकोणचाळीस. तुझ्या बापाची बारावी होती त्या वर्षी. पेढे घेऊन आला दवाखान्यात, आणि ताई म्हणाली, ही पिशवी मी करून देईन, तू कापूस घालू नकोस."

"कसली पिशवी?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांग.