रुटीन आणि रोटेशन : प्रवरेच्या पाटावरचे दोन शब्द

श्रीरामपूरच्या बोलण्यात दोन इंग्रजी शब्द घट्ट रुजले आहेत : नोकरदाराचे ‘रुटीन’ आणि पाटाचे ‘रोटेशन’. दोन्हींत पुनरावृत्ती आहे, म्हणून ते सख्खे भाऊ वाटतात. वंशावळ मात्र निराळी. ‘रुटीन’ फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी ‘रूट’, म्हणजे मळलेली वाट. ‘रोटेशन’च्या मुळाशी लॅटिन ‘रोटा’, म्हणजे चाक. वाटेने माणूस एकटाही रोज जाऊ शकतो. चाकात एक आरा वर येतो तो दुसरा खाली गेल्यावरच.

दौंड–मनमाड लोहमार्गावरील बेलापूर रोड स्थानकाभोवती वाढलेल्या या गावाला समृद्धी दिली ती पाटाने. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. तेथून सुटलेले पाणी ओझरच्या बंधाऱ्यावर डाव्या-उजव्या कालव्यांत वळते. ऊस आला, हरेगावचा साखर कारखाना उभा राहिला. पण सर्वांना एकाच वेळी पुरेल इतके पाणी पाटात कधीच नव्हते.

म्हणून शेजपाळी. हंगामाच्या आरंभी शेतकऱ्याने पाणी-अर्ज करायचा, मंजुरी घ्यायची आणि आवर्तन सुटले की शेजाऱ्यामागून शेजारी रान भिजवायचे. नियमाप्रमाणे पाळी टेलकडून हेडकडे सरकते. हेडच्या शेतकऱ्याला पाणी बांधापाशी वाहताना दिसते आणि तरीही थांबावे लागते. नियमाची खरी कसोटी येथेच. पंजाबातील वाराबंदीत प्रत्येकाचा वार आणि तास आधीच ठरलेला असतो. तीही पाळीच, पण वहिवाटीत ती रुटीनच्या जवळ जाते. शेजपाळीत क्रम पक्का, घड्याळ सैल : मंजूर रान भिजले की पाणी पुढच्याकडे.

मराठीने हा भेद केव्हाच जपला आहे. स्नान, पूजा, फिरणे हा नित्यक्रम. त्याला कोणी पाळी म्हणत नाही. नित्यक्रम चुकला तर नुकसान ज्याचे त्याचे. रात्री कोणी पाट फोडला तर मात्र ऐन उन्हाळ्यात दुसऱ्याचा ऊस वाळतो. पाटावरची भांडणे याच एका गोष्टीवरून पेटत आली आहेत.

आता चाक मोठे झाले आहे. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व नदीखोऱ्याला लागू केले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रवरा खोऱ्यातूनही जायकवाडीसाठी पाणी सुटले. पूर्वी टेल म्हणजे कालव्याची शेवटची चारी. आज ते पैठणला आहे.