वांझ संकराचा हिशेब

मंडळी, पावसाळ्यात कासच्या पठारावर गेलात, तर दवबिंदू नावाची चिमुकली वनस्पती दिसते. पानांवर चिकट थेंब, त्यात किडा अडकला की संपला! शास्त्रीय नाव ड्रोसेरा. आज आपण तिच्या युरोपातल्या भाऊबंदांकडे जाणार आहोत. कारण दोन जातींचा संकर वांझ का निघतो, या जुन्या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा तिथे सापडला.

युरोपच्या दलदलीत गोल पानांची रोटुंडिफोलिया आणि लांबट पानांची अँग्लिका शेजारी शेजारी वाढतात. त्यांचा संकर निसर्गातच होतो. रोप छान वाढतं, फुलतं, किडेही पकडतं. पण बी काही धरत नाही. का बरं?

स्वीडनचे ओटो रोझेनबर्ग यांनी 1903 मध्ये आणि पुढे 1909 मध्ये सविस्तर, सूक्ष्मदर्शकाखाली याचा हिशेब मांडला. रोटुंडिफोलियाची गुणसूत्रं 20, अँग्लिकाची 40. प्रत्येकीकडून निम्मी येतात, म्हणजे संकरात 10 अधिक 20, एकूण 30. आता परागकण तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात. इथे 10 जोड्या जुळल्या आणि 10 गुणसूत्रं एकटीच राहिली. ही एकटी कशीही विखुरतात, वाटणी बिघडते आणि परागकण निकामी होतात.

म्हणजे दोष रोपाच्या प्रकृतीत नाही, वाटणीत आहे. मग सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली तर? प्रत्येकाला जोडीदार मिळेल! डेन्मार्कच्या विंगे यांनी 1917 मध्ये हाच विचार मांडला. 1925 मध्ये क्लॉसेन आणि गुडस्पीड यांनी तंबाखूच्या संकरात तो खरा करून दाखवला. जपानमधली टोकाइएन्सिस ही दवबिंदूची जात अशीच बनली: रोटुंडिफोलिया आणि स्पॅट्युलाटा यांचा 30 गुणसूत्रांचा वांझ संकर, तो दुपटीने 60 चा झाला आणि बी धरू लागला.

आता खरी गंमत ऐका. 1955 मध्ये कॅरोल वुड यांनी पुरावे मांडले, की अँग्लिका स्वतःच रोटुंडिफोलिया आणि उत्तर अमेरिकेतली लिनिएरिस यांच्या संकरातून, गुणसूत्रं दुप्पट होऊन आलेली असावी. मग रोझेनबर्ग यांना नेमक्या 10 जोड्या का दिसल्या, तेही उलगडतं. अँग्लिकाच्या अंगात रोटुंडिफोलियाचा संच आधीपासूनच होता. त्याचीच जोडी जुळली. उरलेली 10 लिनिएरिसकडची.

म्हणून 'शुद्ध जात' आणि 'वांझ संकर' अशी पक्की भिंत निसर्गात घालता येत नाही. आज जिला आपण जात म्हणतो, ती कधीकाळी बी न धरणारं एकटं रोप असू शकते.