सनीव्हेल ते मुंबई : अंतर आणि अवधी

सनीव्हेलपासून सॅन फ्रान्सिस्को विमानतळ सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तेथून मुंबईचे हवाई अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. सपाट नकाशावर ही वाट प्रशांत महासागरावरून जाईल असे भासते. पृथ्वीगोलावर मात्र सर्वांत जवळचा मार्ग अलास्का, आर्क्टिक महासागर आणि सायबेरियावरून जातो. एअर इंडियाने डिसेंबर २०२२मध्ये सुरू केलेल्या थेट उड्डाणाला साधारण १६ ते १७ तास लागत. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर मुंबईकडे येणारे हेच विमान कोलकात्यात थांबा घेऊ लागले. दुबई किंवा फ्रँकफर्टमार्गे एक थांबा धरल्यास प्रवास २० ते २४ तासांचा होतो.

आई-वडिलांच्या निधनाचा फोन येतो, तेव्हा ‘किती वेळ थांबायचे?’ असे गावाकडून विचारले जाते. त्याचे उत्तर केवळ उड्डाणाच्या तासांत नसते. तिकीट मिळाल्यापासून मुंबईत पाऊल ठेवेपर्यंत किमान ३० तास धरावेत. पुण्यासाठी आणखी ४, कोल्हापूरसाठी ८. भारताचे घड्याळ हिवाळ्यात साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा तास पुढे. म्हणून शुक्रवारी रात्री निघालेला माणूस रविवारीच पोहोचतो, आणि तिथीही तशीच मोजावी लागते.