पारंपरिक, सेंद्रिय, शाश्वत : तंजावरच्या तांदळावरील तीन शब्द आणि ग्राहकांचा समज

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील जुन्या वाणांचा तांदूळ आता तमिळनाडूबाहेरच्या दुकानांतही मिळू लागला आहे. पिशवीवर 'पारंपरिक', 'सेंद्रिय' आणि 'शाश्वत' हे शब्द अनेकदा शेजारी छापलेले असतात आणि ग्राहक ते समानार्थी मानतो. वस्तुतः पहिला शब्द बियाण्याविषयी आहे, दुसरा लागवडीच्या पद्धतीविषयी. तिसऱ्याची व्याप्ती पाणी, माती, हवा आणि शेतकऱ्याची मिळकत इथपर्यंत जाते.

'सांबा' ही तर मुळात हंगामाची संज्ञा. कुरुवै, सांबा आणि ताळडी हे तंजावरचे भाताचे हंगाम. 'माप्पिळ्ळै सांबा' म्हणजे नवरदेवाचा तांदूळ. तो खाऊन वराने जड दगड उचलून दाखवावा, अशी लोककथा आहे. नाव मोहक असले, तरी शेतात कोणते खत पडले हे त्यावरून कळत नाही.

हे वाण मागे पडण्याचा इतिहास याच जिल्ह्यात घडला. 1960 च्या दशकारंभी सधन शेती कार्यक्रमासाठी निवडलेल्या देशातील पहिल्या जिल्ह्यांत तंजावर होते. आडुतुरै येथील भात संशोधन केंद्राच्या 'एडीटी' मालिकेतील लवकर पिकणाऱ्या जातींनी शेते व्यापली. पुढे जी. नम्माळ्वार यांच्या प्रेरणेने नेल जयरामन यांनी शेजारच्या तिरुवारूर जिल्ह्यात बियाणे महोत्सव सुरू केला. दोन किलो बियाणे न्यावे आणि पुढील वर्षी चार किलो परत आणावे, असा त्याचा साधा नियम.

'सेंद्रिय' या शब्दाला मात्र कायद्याचे बंधन आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांनुसार त्यासाठी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे किंवा शेतकरी गटांच्या परस्पर तपासणीवर आधारलेल्या 'पीजीएस-इंडिया'चे प्रमाणपत्र लागते. त्यातही 'पीजीएस-ग्रीन' म्हणजे रासायनिक शेतीकडून सेंद्रियकडे जाण्याच्या वाटेवरील माल. शब्दावरून उलटाच समज व्हावा!

असा घोळ केवळ तांदळाचा नाही. युरोपात 2012 पर्यंत 'सेंद्रिय द्राक्षांची वाइन' एवढेच लिहिता येई, कारण द्राक्षाची लागवड आणि वाइनची निर्मिती या वेगळ्या गोष्टी होत्या. तेथेही सेंद्रिय वाइन आणि शाश्वत वाइन यांच्या कसोट्या भिन्न आहेत.

भाताच्या बाबतीत हा भेद अधिक टोचणारा आहे. सतत पाणी साचलेल्या खाचरातून मिथेन वायू निघतो आणि ताजे सेंद्रिय खत घातल्यास त्याचे प्रमाण वाढू शकते. माप्पिळ्ळै सांबासारखे दीर्घ मुदतीचे वाण सुमारे पाच महिने शेतात उभे राहतात. म्हणजेच रसायनमुक्त तांदूळ पाण्याच्या आणि हवेच्या हिशेबात शाश्वत ठरेलच असे नाही. आलटून पालटून पाणी देण्याची पद्धत तेथे अधिक उपयोगी पडते. पिशवीवर तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

दुसरीकडे, वार्षिक 12 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला थेट ग्राहकास विक्री करताना प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र 'जैविक भारत' हे चिन्ह त्याला वापरता येत नाही. केवळ चिन्ह पाहून खरेदी करणारा ग्राहक त्याच्या दारी पोहोचतच नाही.