तळटीप : 'धानाचा माणूस'

१. 'धानाचा माणूस' : गोंदिया-भंडाऱ्याकडे उमेदवाराची ही ओळख पक्षाच्या चिन्हाइतकीच चालते. धानाच्या केंद्रीय हमीभावावर राज्य जी वाढीव रक्कम देते, तिला इकडे 'बोनस' म्हणतात. तो पूर्वी क्विंटलमागे मिळे. २०२२च्या हिवाळी अधिवेशनात हेक्टरी १५,००० रुपयांची, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, घोषणा झाली. निवडणूक कुठलीही असो, पारावर आधी याचीच चौकशी होते.

भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात नाना पटोले यांनी २०१४ साली भाजपतर्फे प्रफुल्ल पटेलांना हरवले आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नावर डिसेंबर २०१७मध्ये खासदारकी सोडली. मे २०१८च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे विजयी झाले. कुकडे पूर्वी भाजपचेच आमदार होते. मतदारांना ते फारसे खटकलेले दिसत नाही. पण २०१९ला हीच जागा भाजपच्या सुनील मेंढेंकडे गेली. तेव्हा एका प्रश्नावर सगळे मतदान ठरते, हे लेखकाचे विधान अर्धेच खरे मानावे.

उमेदवाराची ओळख काहीही असो, आपल्याकडे तो पक्षश्रेष्ठीच ठरवतात. अमेरिकेसारखी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक नाही. गोंदिया विधानसभेत २०१९ साली मात्र जवळपास तसेच घडले, म्हणजे निवड मतदारांनीच केली. काँग्रेसमधून आलेल्या गोपालदास अग्रवालांना भाजपने तिकीट दिले, तर भाजपचे बंडखोर विनोद अग्रवाल अपक्ष म्हणून निवडून आले. २०२४ला भाजपने विनोद अग्रवालांनाच उमेदवारी दिली. काँग्रेसमध्ये परतलेले गोपालदास पुन्हा हरले. (संपा.)